एका घरात दोन राउटर

सुवर्णाने फक्त एक लांब वायर मागितली होती. तेवढं आणून दिलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मल्हारी विधाते ओझरला विमानाच्या कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होता, आणि असा माणूस साधी वायर आणून गप्प बसत नाही.

गोष्ट दोन हजार नऊ सालातली. वीस वर्षं शाळेत मराठी शिकवून सुवर्णाने नोकरी सोडली होती आणि घरी बसून तिचा जीव आंबत होता. अशात न्यू जर्सीच्या मराठी मंडळाची जाहिरात तिच्या हाती लागली. तिथल्या मुलांना दर रविवारी स्काइपवरून मराठी शिकवायला बाई हवी होती. सुवर्णाने अर्ज केला. पाचशे अर्जांतून (हा आकडा मल्हारीचा, खरे अकरा होते) दोघींची निवड झाली, एक पुण्याची आणि दुसरी गंगापूर रोडची आपली सुवर्णा. आता एकेक नमुना तास, त्यावरून निकाल. सुवर्णाचा तास रविवारी संध्याकाळी साडेसातला होता.

अडचण एवढीच होती, की इंटरनेटचा मोडेम बेडरूममध्ये, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली होता. केबलवाल्याने तो तिथेच बसवला होता. आणि बेडरूममध्ये लॅपटॉप लावला की सुवर्णाच्या पाठीमागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत.

"स्वयंपाकघरात उजेड चांगला आहे, भिंतही नुकती रंगवलीय," ती शनिवारी म्हणाली. "अहो, तिथपर्यंत पोचेल अशी वायर मिळेल का?"

"वायर?" मल्हारी हसला. "कुठल्या जमान्यात आहेस? मी राउटर आणतो. घरभर वायफाय. गच्चीवर जाऊन शिकव हवं तर."

"मला गच्चीवर नाही शिकवायचं. उद्या तास आहे, आता नवीन काही करू नका."

"मी विमानं पास करतो सुवर्णा. हे डबडं आहे." (विमानं पास करायला आणखी चाळीस माणसं असतात, हे तो घरी सांगत नसे.)

रविवारी सकाळी दहाला त्याने राउटर खोक्यातून काढला. दोन शिंगांचा काळा डबा. मोडेमची वायर लॅपटॉपमधून काढून राउटरला लावली, लॅपटॉपवर वायफायच्या पाचही कांड्या उभ्या राहिल्या.

"झालं!" तो ओरडला. "दहा मिनिटं!"

सुवर्णाने लॅपटॉप घेतला. कांड्या पाच होत्या, इंटरनेट शून्य.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका. त्याने टाकला. निळं पान उघडलं. त्याने तीन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या, डबा बंद करून चालू केला. काही नाही. मग वायर राउटरच्या दुसऱ्या भोकात घालून तोच पत्ता टाकला, तर हिरवं पान उघडलं.

"रंग बदलला," तो म्हणाला. "म्हणजे प्रगती आहे."

प्रगती अशी होती, की निळं पान राउटरचं आणि हिरवं मोडेमचं होतं. दोघांचाही पत्ता एकच. पोस्टमन ज्या दारात आधी पोचेल त्या दाराचं पान उघडत होतं. मल्हारीला हे ठाऊक नव्हतं. तो राउटर समजून मोडेमला सुधारत होता आणि मोडेम समजून राउटरला. दुपारी दोनपर्यंत त्याने दोघांनाही इतकं सुधारलं, की मघापर्यंत निदान वायरीने चालणारं इंटरनेटही गेलं.

सुवर्णाची आई, कुसाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कळवणहून आल्या होत्या. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून त्या पलंगावर बसल्या होत्या. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

"जावईबापू, जेवून तर घ्या."

"आलोच, पाच मिनिटं."

"तुमची पाच मिन्टं सकाळधरनं चाललीत. काय मोडलं म्हनायचं?"

"मोडलं नाही मामी. मोडेम आहे."

"नावातच मोड हाय, त्याला तुमी काय करनार," कुसाबाई म्हणाल्या.

चार वाजता मल्हारीने मान खाली घालून केबलवाल्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून स्पीकर चालू केला.

"नमस्कार सर, महेश बोलतोय. काय प्रॉब्लेम आहे?"

मल्हारीने सकाळपासूनचा वृत्तांत दिला. महेशने तो शांतपणे ऐकला.

"सर, तुमच्या घरी राउटर आधीच आहे."

"नाही हो, आजच आणला."

"तो दुसरा. पहिला आतच आहे, पोटात."

"पोटात?"

"हो सर. पहिला पोटात असताना तुम्ही दुसरा आणलात, म्हणून गोंधळ झाला."

पलंगावर कुसाबाई ताठ झाल्या. त्यांनी चाचपडत लेकीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "सुवर्णे... या वयात, गं?"

"आई! मोडेमच्या पोटात!" सुवर्णा किंचाळली.

"काही झालं का सर?" महेशने विचारलं.

"काही नाही, घरगुती आहे. तुम्ही बोला."

"सर, तुमचा मोडेम नुसता मोडेम नाही, राउटरचं कामही तोच करतो. आता दोन्ही डबे म्हणतायत मीच मालक. दोघांचा नंबरही एक. तर मोडेमला ब्रिजमध्ये टाका, म्हणजे तो मालकी सोडेल, किंवा..."

"पुलावरनं टाकाया सांगतोय का?" कुसाबाई म्हणाल्या. "आपल्या गंगेला पानी तरी हाय का आत्ता?"

"बरोबर सांगतोय," सुवर्णा म्हणाली.

या गलक्यात महेशचं 'किंवा'नंतरचं वाक्य हरवलं. (ते असं होतं, की नव्या डब्याचा नंबर फक्त बदला. दोन मिनिटांचं काम.) मल्हारीने ब्रिज शोधायला घेतला. तो हिरव्या पानावर होता, आणि आता निळंच पान उघडत होतं. पुन्हा फोन लावेपर्यंत पाच वाजून गेले होते आणि रविवारची हेल्पलाइन बंद झाली होती.

सहा वाजले. साडेसहा वाजले. मल्हारीने वायर काढून घातली, घालून काढली. शंभरेक वेळा तरी.

पावणेसातला तो घाम पुसत उठला. सुवर्णा इस्त्रीची जांभळी साडी नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर तिने स्वतः रंगवलेली चित्रं होती. पेटीवर मांजर, पेटीखाली मांजर, पेटीत मांजर. पंधरा दिवस ती दुपारची झोप सोडून रंगवत होती. आता ती एकेक करून पालथी ठेवत होती.

"सुवर्णा, मी..."

"तो डबा काढा," ती म्हणाली.

"पण अजून एकदा जर..."

"काढा."

त्याने राउटर काढला. सुवर्णा टेबलाखाली वाकली, मोडेमच्या मागचं बारीक भोक शोधलं, अंबाड्यातला आकडा काढून त्यात दाबून धरला. मोडेमचे सगळे दिवे विझले आणि एकेक करत पुन्हा लागले. (असं दाबलं की डबा मूळपदावर येतो, हे तिने पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर वाचलं होतं. मल्हारीने पुस्तिका सातव्या पानापासून वाचली होती.) वायर सरळ लॅपटॉपला जोडली. इंटरनेट आलं.

आणि गेलं. मग आलं. मग गेलं.

मल्हारीने टेबलाखाली डोकं घातलं. दिवसभराच्या काढ-घालीत वायरीच्या टोकाची प्लॅस्टिकची जीभ तुटली होती. अंगठ्याने दाबून धरली तर वायर बसत होती, सोडली की गळत होती. दुकानं गाठायला वेळ नव्हता. सात पंचवीस झाले होते.

"मी धरतो," तो म्हणाला आणि आत सरपटला.

दोरीवरच्या कपड्यांवर चादर टाकून सुवर्णा कॅमेऱ्यासमोर बसली. बरोबर साडेसातला पडद्यावर चौदा मुलं आणि मंडळाच्या शुभांगीताई देशमुख दिसू लागल्या. सुवर्णाने नमस्कार केला, चित्र वर धरलं आणि तिचा आवाज असा लागला, की टेबलाखाली मल्हारीच्या अंगावर काटा आला. हा आवाज त्याने कैक दिवसांत ऐकला नव्हता.

"मांजर कुठे आहे? पेटीवर."

"पेटीवर!"

वीस मिनिटं उत्तम गेली. मल्हारीचा अंगठा बधिर झाला, पायाला मुंग्या आल्या, त्यात दोनचार खऱ्याही होत्या. पण त्याने वायर सोडली नाही. टेबलाखालची धूळ मात्र कोणाचं ऐकत नाही. त्याला शिंक आली. त्याने ती दाबली, म्हणून ती दुप्पट जोराने आली. वायर गळली, पडदा गोठला, त्याने धडपडत वायर पुन्हा बसवली.

पडदा हलला. एका छोट्या मुलीने विचारलं, "बाई, हू स्नीझ्ड? कोण शिंकला?"

मग वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईने चित्रं बाजूला ठेवली.

"माझे मिस्टर शिंकले. मिस्टर कुठे आहेत? सांगा बरं. टेबला..."

"टेबलावर?"

"नाही." तिने लॅपटॉपचा कॅमेरा खाली वळवला. चौदा मुलांनी बनियनमधला मल्हारी पाहिला आणि एका आवाजात आरोळी ठोकली, "टेबलाखाली! मिस्टर टेबलाखाली आहेत!"

वाक्य शुद्ध होतं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी.

"बाई," शुभांगीताईंनी जपून विचारलं, "ते नेहमी तिथेच असतात का?"

"नाही नाही," सुवर्णा म्हणाली. "एरवी विमानाच्या कारखान्यात असतात."

न्यू जर्सीत शुभांगीताईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सोमवारी हेल्पलाइनचा महेश स्वतःच घरी आला, नव्या डब्याचा नंबर बदलला आणि चहा गार व्हायच्या आत घरभर वायफाय सुरू करून गेला. मल्हारीने कॉलर ताठ केली. "राउटर चांगलाच निघाला," तो म्हणाला. कुसाबाईंनी पट्टीआडूनच त्याच्याकडे पाहिलं.

मंगळवारी मंडळाची मेल आली. सुवर्णाची निवड झाली होती. तिने ती मोठ्याने वाचली. मल्हारीने आनंदाने टाळी वाजवली.

"आता स्वयंपाकघरात बसून शिकव. खाली कोणी नको, वायर नको. आहे की नाही?"

"खाली आणखी एक ओळ आहे," सुवर्णा म्हणाली आणि वाचू लागली. "'मुलांना प्रत्यक्ष उदाहरणातून शिकवण्याची आपली पद्धत फार आवडली. पुढच्या रविवारी आत आणि बाहेर हे शब्द घ्यावेत, अशी विनंती आहे. मिस्टरांना कपाटात बसता येईल का?'"

"काय हा पोरखेळ!" मल्हारी भडकला. "मी एक जबाबदार माणूस आहे. त्यांना स्वच्छ शब्दांत कळव..."

"कळवलं मघाशीच," सुवर्णा लॅपटॉप मिटत म्हणाली. "येईल म्हणून. मधला कप्पा काढला, की तुम्ही बसता. मी माप घेतलंय."