आण्णांचं इंजिन आणि परकी शिट्टी

पुस्तक वाचून माणसाला काहीही करता येतं, असं माझं ठाम मत आहे. होतं, म्हणा हवं तर! मी शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तक वाचून मी गळका नळ दुरुस्त केला, जळालेला मिक्सर फिरवला, नवऱ्याला पोहायला शिकवलं. (तो अजून बुडतो. पण त्याचं वाचनच कमी!) तेव्हा आण्णांच्या मुक्या इंजिनाला आवाज देणं म्हणजे काय, एका रविवारचं काम!

आण्णा म्हणजे माझे वडील. दौंडला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात गोल रूळ टाकले आणि पितळेचं हातभर लांबीचं इंजिन घडवलं. अकरा वर्षं लागली. दिसायला अस्सल, पण पोटात विजेची मोटर. त्यामुळे चालताना आवाज शिलाई मशीनचा.

मागच्या कार्तिकात आण्णा गेले. तेव्हापासून आई अंगणात आली नाही. जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण सगळं भिंतीकडे बघून. आपण होऊन एकदाच बोलली.

"सुले, त्यांचा चेहरा फोटोत हाय. पर त्यांच्या इंजिनाचा आवाज गेला बघ. पन्नास गाड्यांत वळखायची मी. आता आठवू म्हणलं तर कानात नुसती सामसूम."

यावर काय बोलायचं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणून मी इंजिनाचं पुस्तक उघडलं.

साउंड डीकोडर नावाची एक चीज मिळते. अंगठ्याच्या नखाएवढं सर्किट. ते इंजिनाच्या पोटात बसवायचं, सोबत काडेपेटीएवढा स्पीकर. रिमोटची कळ दाबली की हुकूम रुळांतून डीकोडरला पोचतो आणि खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रित आवाज येतात. चाकाच्या एका फेऱ्याला चार भक्-भक्! माहितीपुस्तिकेची एकशे चाळीस पानं मी पेन्सिलीने खुणा करत वाचली.

मी इंजिन शिरूरला माझ्या घरी आणलं. तिथली माझी शेजारीण ज्ञानेश्वरी कारेगावच्या कारखान्यात दिवसभर सर्किटांना सोल्डरिंग करते. तिने तारा जोडून दिल्या आणि थबकली.

"ताई, हा कपॅसिटर केवढा आणलात! दहापट मोठा हाय."

"रुळावर धूळ आली, वीज क्षणभर तुटली, तरी आवाज तुटू नये म्हणून असतो तो. मोठाच बरा!"

"पन मग बंद करताना..."

"बंद कशाला करायचं?" मी ऐटीत म्हणाले.

आवाजाचा आकडा मी शेवटपर्यंत चढवला. दौंडला आमच्या घरामागून खऱ्या गाड्या जातात; त्यांच्यापुढे आण्णांचं इंजिन कमी पडायला नको!

रविवारी सकाळी मी दौंडला जाऊन इंजिन रुळांवर ठेवलं. आई आत मेथी निवडत होती.

"आई, बाहेर ये की!"

"ऐकते हितनंच."

मी छोट्या शिट्टीची कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. अशी चार वेळा दाबली, आणि मग सगळं एकदम आलं. कुई! कुई! कुई! कुई!

झाडावरचे बगळे उडाले. मागच्या गल्लीतली म्हैस दावं तोडून निघाली. क्षणभर शांतता, आणि परत चार शिट्ट्या! परत चार! थांबवेपर्यंत वाजत राहण्याचं सेटिंग माझ्याच पेन्सिलीने केलेल्या खुणेप्रमाणे मीच लावलं होतं. मी धावत जाऊन प्लग उपटला. तरी कुई, कुई, कुई, कुई! प्लग माझ्या हातात आणि इंजिन जोरात! दहापट मोठा कपॅसिटर भरपोट वीज जेवून बसला होता. मिनिटभराने तो दमला, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

आणि दहा-पंधरा मिनिटांत शिरूर रस्त्याकडून ट्रॅक्टरच्या भोंग्यांचा गजर ऐकू आला.

आमच्या शेजारी आनंदराव मामा राहतात. वय एक्याऐंशी, नोकरी चाळीस वर्षं गार्डाची. ते ओट्यावर बसून वांगी निवडत होते. आता रेल्वेत चार छोट्या शिट्ट्यांचा अर्थ एकच: गाडी अडकलीय, पुढे जाऊ शकत नाही, गार्डाने मागची बाजू राखावी. मग गार्डाने लाल बावटा घेऊन मागे चालत जायचं, रुळांवर दहा-दहा मीटरवर, चाकाखाली फुटून मागच्या गाडीला इशारा देणारे तीन फटाके लावायचे आणि परत बोलावणं येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. मामांच्या पायांनी डोक्याला विचारलंच नाही! बावटा नव्हता, म्हणून दोरीवरचं रतनमामींचं लाल लुगडं ओढलं. फटाके नव्हते, म्हणून रस्त्यावर दहा-दहा मीटरवर तीन वांगी मांडली. आमचे रूळ गोल. त्यांची मागची बाजू कुठली, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही.

मी पोचले तेव्हा मामा रस्त्याच्या मधोमध नऊवारी लुगडं फडकवत उभे होते. समोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग.

"आबा, बाजूला व्हा की! मागं अकरा ट्रॅक्टर तुंबल्यात!" पहिल्या ट्रॅक्टरवरचा गोकुळ ओरडत होता.

"पुढं गाडी उभी हाय."

"कुठं हाय गाडी? रूळ तरी हाय का हितं?"

"मुक्तावहिनींच्या अंगणात!" मामांनी माझ्या आईच्या घराकडे बोट केलं.

गोकुळने माझ्याकडे पाहिलं. "ताई, म्हाताऱ्याला घरी न्या. ऊन लागलंय."

"अवो, लुगडं द्या माझं!" मागून रतनमामी धावत आल्या. "नवं हाय त्ये!"

"मामा, चूक माझी," मी म्हणाले. "आण्णांचं खेळण्यातलं इंजिन ते. चला घरी."

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

"ड्रायव्हरची पोरगी ना तू? मागं राखायला गेलेला गार्ड तोंडी सांगण्यावर येतो व्हय? इंजिनानं एक लांब शिट्टी द्यायची. तवाच हलायचं."

"मग द्या की ताई शिट्टी!" गोकुळ कळवळला. "ऊस वाळून चिपाड व्हायचा माझा!"

मी धावत घरी आले. प्लग लावला, वाजत राहण्याचं सेटिंग आधी काढलं. लांब शिट्टीची कळ एकदाच, अगदी एकदाच दाबली. डीकोडरमध्ये भरलेला आवाज कुठल्याशा परदेशी इंजिनाचा होता. आमच्या कुकरने विलायतेत शिक्षण घेतलं असतं तर असाच वाजला असता! परत धावत रस्त्यावर. मामा जागचे हलले नव्हते.

"ऐकली ना मामा?"

"ऐकली. पर ही आपली न्हाई. परक्या इंजिनाच्या हुकमावर मी जागा सोडत न्हाई!"

मला रडू आलं. ट्रॅक्टरांमुळे नाही. मामांचं बरोबर होतं. एकशे चाळीस पानं वाचून मी आईसाठी दुसऱ्याच कुणाचं तरी इंजिन आणलं होतं.

"ही नव्हंच!"

आवाज आमच्या फाटकातून आला. आई उभी होती. हातात मेथीची जुडी, केस विस्कटलेले, आणि कपाळावर चक्क आठी.

"मघापासनं ऐकतीया. ह्ये काय लावलंस सुले? आपलं इंजिन असं किंचाळत न्हवतं. त्ये खालनं उठायचं. पोटातनं."

"म्हणजे कसं?"

आईने रांगेतल्या ट्रॅक्टरांकडे पाहिलं. पदर सावरत रस्त्यावर आली. मेथी माझ्या हातात दिली आणि दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले.

"हूऊऊऊऊ..."

रिकाम्या रांजणात तोंड घालून फुंकावं तसा घुमारा उठला. हळूहळू वर चढला, रस्ताभर पसरला, आणि अगदी शेवटी कापला गेला. "...ऊऊ-हुप्!"

"शेवटी तुटायची अशी," आई म्हणाली. "शिट्टीची साखळी सोडताना त्यांचा हात हिसका द्यायचा."

तो हिसका मीही विसरले होते. तो कधी आठवेनासा झाला, ते मला कळलंही नव्हतं. गोकुळने आपलं इंजिन बंद केलं. मामांनी लुगड्याची व्यवस्थित घडी घातली, काखेत मारली आणि तिन्ही वांगी एकेक करून उचलली.

"बरोब्बर आण्णा!" ते आईला म्हणाले, मग गोकुळकडे वळले. "लाइन मोकळी हाय. जावा आता."

"न्हाई आबा," गोकुळ हात जोडून म्हणाला, "अंगणातली गाडी आधी जाऊ द्या. आमी येतो मागनं."

डीकोडरमध्ये आपले स्वतःचे आवाज भरता येतात, हे पुस्तिकेत एकशे बाराव्या पानावर आहे. मी तिथे खूणही केली होती! आता मी दर रविवारी शिरूरहून दौंडला जाते. आई अंगणात खुर्ची टाकून बसते, मी तिच्या तोंडासमोर फोन धरते. "थांब, ह्यो सुटतानाचा. ह्यो पाणी भरतानाचा. आन् ह्यात पाऊस पडतोय, ह्यो जरा जड पायजे." आनंदराव मामा परीक्षक, एकेक आवाज तीन-तीनदा नापास करतात. मधल्या वारी फोन येतो: "सुले, रविवारचा भोंगा चुकला गं, परत घे."

डीकोडरमध्ये जागा आहे बत्तीस आवाजांची. आईचे एकोणचाळीस झालेत, आणि तिची गाडी अजून दौंडच्या पुढच्या पाटस स्टेशनालाही पोचलेली नाही!