मधली पन्नास मिनिटं

रविवार, सकाळी अकरा. विमानतळ, चौकशीची खिडकी. मी भांडत होतो.

भांडण तत्त्वाचं होतं. (माझी सगळीच असतात, असं मी म्हणतो. बायको वेगळं म्हणते.) सासूबाई पंचाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानानं येत होत्या, त्याही एकट्या. मागच्या खेपेला मी त्यांना स्टेशनवर तासभर ताटकळत ठेवलं होतं. तेव्हापासून "जावई बातमीला वेळेवर, माणसाला उशिरा," हे वाक्य त्यांनी सगळ्या नातेवाइकांत पोचवलं होतं. आमच्या पेपरचा खप कधी एवढा नव्हता.

"या वेळी आई बाहेर आली की समोर तुम्ही दिसायला हवेत," बायकोनं बजावलं होतं.

मी तिकीट पाहिलं. सुटणार दहा पाच, पोचणार बारा वीस. अंतर नऊशे बारा किलोमीटर. पंचवीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला इथंच वास येतो. मी गणित मांडलं. चढणं, उतरणं, धावपट्टीवरचं रेंगाळणं धरून एक तास पंचवीस मिनिटं.

"आई साडेअकरालाच उतरणार!" मी जाहीर केलं.

"मग अकरालाच जाऊन उभे राहा."

गेलो. पण फलकावर बारा वीसच! मी खिडकीतल्या मुलीला विचारलं, "मधली पन्नास मिनिटं विमान काय करतं?"

"सर, वेळापत्रक वरून येतं."

"आकाशातून?"

"दुसऱ्या मजल्यावरून, सर."

दुसऱ्या मजल्यावर मॅनेजर होते. मी फोन सायलेंट करून रेकॉर्डिंगला लावला आणि त्यांच्यासमोर ठाण मांडलं.

"असं आहे," मॅनेजर हळूच म्हणाले, "वेळ थोडी वाढवून छापतो. म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर."

"हे तुमच्या नावानं छापू?"

"छे, छे! मी काही बोललोच नाही."

दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया नावानिशी मिळाल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. तेवढ्यात त्यांच्या मागच्या खिडकीतून एक विमान उतरताना दिसलं. घड्याळात साडेअकरा.

"कुठलं हो हे?"

मॅनेजरनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा पडला. "तेच."

"बघा!" मी आनंदानं टेबलावर मूठ आपटली. "उतरलं! आता बोला!"

ते बोलेनात. मी उठेना. विजय असा हातातोंडाशी आलेला असताना कोण उठतो?

बारा वीसला खाली आलो. दालन रिकामं. फोनवर बायकोचे चौदा मिस्ड कॉल.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. माझ्या खुर्चीत सासूबाई चहा पीत होत्या.

"जावईबापू, तुमचं गणित अगदी बरोबर हो! बरोब्बर साडेअकराला उतरले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी टॅक्सीत बसवून दिलं."

"तुम्ही उतरताना मी पाहिलं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

बायकोनं हाताची घडी घातली.

"नऊशे बारा किलोमीटर आई दीड तासात आली. तिथून घर अठरा किलोमीटर. तुम्हाला दोन तास. मधल्या वेळात तुम्ही काय करत होता?"

सासूबाईंनी फोन उचलून बायकोच्या मावशींचा नंबर लावला.

या प्रश्नावर संबंधितांची प्रतिक्रिया अद्याप मिळू शकलेली नाही.