उलटी वळलेली वेणी

लग्न होऊन मी भुसावळला आले, त्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या नानांनी माझ्या नवऱ्याचा स्वेटर उसवायला घेतला. त्या वेळी नवरा स्वेटरच्या आत होता.

जानेवारीतली सकाळ. हे सायकल काढून ऑफिसला निघाले होते. अंगात तपकिरी स्वेटर, समोर वेण्यांची नक्षी. साखरपुडा झाल्यावर मी अमळनेरला बसून तो विणला होता, आणि माझ्या माहेरी त्याचं इतकं कौतुक झालं होतं की विचारू नका. नानांनी यांना ओट्याजवळ बोलावलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि छातीवरच्या एका वेणीवर बोट ठेवलं.

"हाई वेनी उलटी वळेल शे."

मग त्यांनी गळ्यामागची गाठ शोधली, सोडली आणि दोरा ओढला. आमचे हे भिडस्त. "नाना, उशीर होतोय," एवढं म्हणेपर्यंत गळ्याची अख्खी पट्टी सुटून नानांच्या मांडीवर जमा झाली होती. मी तणतणत बाहेर आले. नवी नवरी असल्याचंही भान राहिलं नाही.

नाना शांत. "लोकरले राग येत नही, पोरी. तुले कसाले येस?"

मग त्यांनी स्वेटरची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली आणि चाचपत बसले. बराच वेळ. "कोनी विनेल शे?"

"मी."

"हात ढिला शे तुना," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "दुपारले येत जाय."

नाना मूळचे नरडाण्याकडचे. जन्मभर मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाल्यावरही रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत ते एकटे राहत. अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा, गळ्यात नोकरीतली शिट्टी आणि हातात विणकामाच्या सुया. सुया सायकलच्या तारा घासून स्वतःच केलेल्या. भुसावळचा मे महिना ज्याने सोसला आहे, त्याला त्या दिवसांत लोकरीकडे पाहूनसुद्धा घाम फुटतो. नाना मात्र बारा महिने विणत. घामाने लोकर बोटांना चिकटू नये म्हणून शेजारी पावडरचा डबा असे. त्यांच्या ओट्यावर शिकायला येणाऱ्या आम्ही सात-आठ बायका कोपरापर्यंत पांढऱ्या होऊन घरी परतायचो. एकीच्या सासूला बरेच दिवस वाटत होतं, सून चोरून कुठे गिरणीत कामाला जाते.

शिकवणं सगळं रेल्वेच्या भाषेत. सुलट टाका म्हणजे अप, उलट टाका म्हणजे डाउन. मफलर म्हणजे मालगाडी, नुसती सरळ चालायची. टोपडं म्हणजे स्टेशन जवळ आलं, आता हळूहळू टाके कमी करत थांबायचं. मोज्याची टाच वळवणं म्हणजे यार्डातलं शंटिंग, ते येरागबाळ्याचं काम नव्हे. ओळ संपली की टाके मोजायचेच. "गार्डनं काम काय? शेवटला डबा उना का नही, ते दखानं!" टाका गळाला की नाना शिट्टी फुंकत. रस्त्याने जाणारा भाजीवाला दचकून हातगाडी थांबवायचा. चूक कितीही मागे राहिलेली असो, वीस ओळी असोत की दोनशे, नानांचं एकच वाक्य, "उसव. लोकरले राग येत नही." मी तो तपकिरी स्वेटर त्यांच्यासमोर बसून अख्खा उसवला आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले.

हा माणूस विणायला शिकला कशाला, ते मला समोरच्या काकूंनी सांगितलं. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. नाना लाइनवर गेले की चार-चार दिवस घरी नसत. त्यांच्यासाठी अक्कांनी हिरव्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ पुरी झाली आणि अक्का तापाने गेल्या. लोकर उरली, सुया उरल्या. तेराव्यानंतर नाना काकूंकडे आले आणि म्हणाले, "माले शिकाडा." त्यांना तो स्वेटर पुरा करायचा होता. दुसरं काही नाही.

आता गंमत अशी आहे की विणणाऱ्याचा हात सहीसारखा असतो. लोकर तीच, सुया त्याच, टाके तेवढेच घेतले, तरी घट्ट हाताचं विणकाम आखूड आणि कडक होतं, ढिल्या हाताचं मऊ आणि ऐसपैस. अक्कांचा हात ढिला. नानांचा हात म्हणजे ब्रेक लावलेला. चार वर्षं त्यांनी दुसऱ्या लोकरीवर हात सैल करून पाहिला, जमेना. हिरव्या लोकरीला मात्र सुई लावली नव्हती. मग ओट्यावर शाळा काढली. येणाऱ्या प्रत्येकीकडून आधी वीस टाक्यांचा, वीस ओळींचा चौकोन विणून घेत, फूटपट्टीने मोजत आणि बाजूला ठेवत. ते अक्कांचा हात शोधत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. समोर कुणी बोलत नसे.

माझे त्यांनी अकरा चौकोन विणून घेतले. अकराव्याला फूटपट्टी खाली ठेवली, आत गेले आणि धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते हिरवं बाहेर घेऊन आले.

"पुढला भाग तू कर," म्हणाले.

मला धडकी भरली. बिघडलं तर? मी ती पाठ मांडीवर पसरली आणि टाके मोजायला लागले. नानांचीच शिष्या मी, नजर आपोआप चुकीवर गेली. डावीकडून तिसऱ्या वेणीत, मध्यावर, एक पीळ उलटा पडला होता. मला काय वाटलं देवाला माहीत, बहुधा शाबासकी मिळेल असं वाटलं असावं.

"नाना, इथे वेणी उलटी वळलीय. इथपर्यंत उसवू?"

नानांनी पाठ माझ्या हातातून काढूनच घेतली.

"नही," ते म्हणाले. मग त्या पिळावर अंगठा फिरवत राहिले. "मी ड्युटीवरतून उनू. ती हाईच वेनी वळी ऱ्हायनी व्हती. माले दखं, तशीच उठनी, चहा ठेवाले गयी. परत बसनी अन् पीळ उलटा पडी गया. बाकी बठ्ठी पाठ विनी तवय मी लाइनवर व्हतू, पोरी. हाई चूक व्हयनी तवय मी घर व्हतू."

मला रडू आवरलं नाही. पावडरचे हात डोळ्यांना लावले आणि आणखीच चुरचुरलं.

"पुढला भागमा बी तठेच तशीच चूक कर," नाना म्हणाले.

सांगितल्याबरहुकूम चूक करणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. पहिल्यांदा पीळ एक ओळ वर पडला. नानांनी शिट्टी फुंकली. "बराबर नही. उसव." दुसऱ्यांदा जागा बरोबर आली, पण मी भीतीने दोरा ओढून धरला होता. "उसव." तिसऱ्यांदा त्यांनी पाठ आणि पुढचा भाग शेजारी शेजारी ठेवले, फूटपट्टी लावली आणि मान डोलावली.

मग मला विचारलं, "तुनी ती वेनी कशी उलटी वळनी व्हती? तो तपकिरी स्वेटरनी?"

मी लाजले. खरं तर मला पक्कं आठवत होतं. लग्नाआधी हे एकदा काहीतरी निमित्त काढून अमळनेरला आमच्या घरी आले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआड विणत बसले होते आणि ओसरीवरून यांचा आवाज आला. मी तसं सांगितलं.

कधी नव्हे ते नानांचा चेहरा अपराध्यासारखा झाला.

"आधी सांगती तर मी उसवतू नही, पोरी."

दोन्ही बाह्या आणि गळा होऊन स्वेटर पुरा झाला, तेव्हा एप्रिल लागला होता. भर दुपारी नाना तो घालून ओट्यावर बसले. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण काढायला तयार नाहीत. उसवायला सांगणंही त्यांनी सोडलं नाही. फरक एवढाच पडला की शिट्टी फुंकण्याआधी ते आता विचारायचे, "चूक व्हयनी तवय घर कोन उनं व्हतं?"

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी सांगे, पोस्टमन. कुणी सांगे, कोणी नाही, दूध उतू गेलं.

"दूध व्हई तर उसव," नाना म्हणायचे आणि पुढचीच्या उत्तराची वाट बघत शिट्टी हातात धरून बसायचे.