बाबांचा पांढरा कागद

आत्या उद्या सकाळच्या गाडीनं भावाची राख न्यायला येणार होती, आणि भाऊ आज दुपारी दोरीवर वाळत होता.

धाकट्याला हे चहाच्या वेळी कळलं. तोवर तो जन्मात पहिल्यांदाच स्वतःवर खूश होता. शेडमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यांवर चिमट्यांनी टांगलेले कागद, आणि कागद चक्क पांढरे. केळीच्या खोडाच्या धाग्यापासून हातानं काढलेला कागद पांढरा होत नाही. तो होतो जुन्या उशीच्या अभ्र्याच्या रंगाचा. बाबांनी उभा जन्म तसलाच कागद काढला आणि उभा जन्म पांढऱ्याचा ध्यास घेतला. धाकट्याला तो पहिल्याच घाण्यात साधला होता.

बाबा मागच्या महिन्यात कामावर असतानाच गेले. लगद्याच्या कुंडीवर वाकून, हातात साचा धरून. ते रोज तिथं तसेच वाकलेले असत आणि हाक मारली तरी ओ देत नसत, त्यामुळे जेवायची वेळ टळून जाईपर्यंत कुणाला काही वेगळं वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास झाला नसेल. ताई म्हणाली, त्यांना नसेल, पण त्यांची बोटं साच्यापासून सोडवताना आम्हाला झाला.

मागे राहिली ही दोघं भावंडं. ताई कागद कापायची, गठ्ठे बांधायची आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. धाकट्याकडे खोडं ओढून आणायचं आणि पाणी भरायचं काम होतं, कारण बाबांच्या मते त्याच्या हातात अक्कल नव्हती. ही अक्कल नेमकी कुठं असते आणि ती हातापर्यंत कशी आणायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

शेड आत्याच्या नावावर होती. आजोबांनी ती मुलाला डावलून मुलीला दिली, कारण तरुणपणी कागद उचलण्यात तिचा हात भावापेक्षा चांगला होता. भावानं त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं आणि शेड मात्र वापरत राहिला. आता ती येणार, राख घेऊन गावाकडे दोघांच्या आईशेजारी नेऊन ठेवणार, आणि जाता जाता शेडचा निकाल लावणार. फोनवर ती म्हणाली होती, "धाकट्याला जमत असेल तर राहू दे. नाहीतर विकून टाकू. आल्यावर कागद बघते."

धाकट्याला दुसरं काही येत नव्हतं. हेही येतं की नाही हे नक्की नव्हतं. म्हणून त्यानं आत्याला दाखवायला आठवड्यापूर्वी स्वतःच्या हातानं घाणा लावला.

तसं ते काम समजायला सोपं आहे. खोडाचे पदर सोलायचे, चिरायचे, राखेच्या पाण्यात शिजवायचे, धुवायचे, कुटून लगदा करायचा, तो कुंडीत पाण्यात सोडायचा, जाळीच्या साच्यानं त्याचा पापुद्रा वर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. गोम एकच, राख किती घालायची. लाकडाची राख धाग्यातला चिकटपणा खाते. कमी पडली तर दोरखंड शिजवल्यासारखं होतं, जास्त झाली तर पेज होते. बाबा फळीवरचा डबा काढून मुठीनं राख टाकत. किती मुठी, असं विचारलं की म्हणत, हाताला कळतं.

धाकट्याच्या हाताला काही कळेना. त्यानं एक मूठ टाकली. धागा ढिम्म. आणखी एक टाकली, मग आणखी. पाणी रटरट उकळत होतं आणि धागा आत टाकला तसाच ताठ बसून होता. शेवटी त्यानं डबाच उपडा केला आणि बुडावर एक थाप मारली. तरी काही नाही. मग ताईचा धुण्याचा सोडा ओतला, तेव्हा कुठं धागा नरमला. या सगळ्यात उशीर झाल्यामुळे धुणं जरा वरवरचं झालं. कुटायच्या यंत्रात मध्येच काहीतरी खडखडलं. खोडाबरोबर खडे आले असतील, असं धाकट्याला वाटलं. थोड्या वेळानं खडखड थांबली आणि लगदा दुधासारखा झाला.

आता ताईनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि एका कागदाला बोट लावलं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

"कशानं झाला रे एवढा पांढरा?"

"राख जरा सढळ हातानं टाकली."

"कुठल्या डब्यातली?"

"फळीवरच्या."

"फळीवर दोन डबे आहेत."

"नव्या डब्यातली. झाकण घट्ट होतं. म्हटलं, ताजी असेल."

ताई खाली बसली. बसायला तिथं काही नव्हतं, तरी बसली. स्मशानातून बाबांना कापडी पिशवीत घालून दिलं होतं. पिशवीला ओल येईल म्हणून तिनं त्यांना घरातल्या एकमेव घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं, आणि त्यांना घरापेक्षा शेडमध्येच बरं वाटेल म्हणून डबा फळीवर ठेवला. धाकट्याला सांगितलं नाही, कारण त्या घरात धाकट्याला काही सांगायची पद्धतच नव्हती. हे तिनं त्याला आता सांगितलं. धाकट्यानं चहा पिऊन टाकला, कारण कप हातात होता.

"सगळे?" ताईनं विचारलं.

"बुडावर थाप मारली होती."

तेवढ्यात झुळूक आली आणि बाबा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हलकेच हलले. धाकटा बघत राहिला. त्याच्या मनात पहिली गोष्ट ही आली की राख म्हणून बाबा अगदीच कुचकामी होते. पण त्यात नवल काय? त्यांच्यापुढं कधी कुणी नरमलं नव्हतं. आत्यासुद्धा त्यांच्यापायीच अशी ताठ झाली होती. त्यांच्यात होतं ते नुसतं हाड, आणि ते धाग्यात बसून कागद पांढरा करून मोकळं झालं होतं.

"पण धुताना वाहून गेले असतील ना?" ताईचा आवाज बारीक झाला होता.

"धुण्यात मी कमी पडलो."

"बरं केलंस," ताई म्हणाली. त्याच्या कमी पडण्याचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं.

ताईचं डोकं अडचणीत चालायला लागायचं. तिचं म्हणणं असं की यात बिघडलेलं काहीच नाही. कागद जाळला की त्याची राखच होते. बाबा कागदात आहेत, म्हणजे त्या राखेतही असणार. फार तर थोडी केळ येईल. धाकट्याला ते पटलंही. मग त्याच्या लक्षात आलं की कागद जाळला तर आत्याला दाखवायला कागद नाही, आणि नाही जाळला तर तिला द्यायला भाऊ नाही. तेव्हा अर्धे कागद जाळायचे आणि अर्धे ठेवायचे असं ठरलं. बाबांचा कुठला अर्धा ठेवायचा यावर खल चालू असतानाच पत्रिकावाला आत आला.

पत्रिकावाला हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. लग्नाच्या पत्रिका छापायचा. या घाण्यातला कागद त्यालाच द्यायचा होता, पण पुढच्या आठवड्यात. तो नुसता डोकावायला आला होता. दोऱ्या बघून त्यानं चपला काढल्या. अंगठ्यानं एक कागद चाचपला, गालाला लावून पाहिला.

"हे बाबांचं काम नाही," तो म्हणाला. "चांगला माणूस, पण त्यांना असं कधी जमलं नाही."

"यात बाबांचा मोठा वाटा आहे," ताई म्हणाली.

पुढं ती बरंच बोलली. कागद ओला आहे म्हणाली, तर तो म्हणाला, माझ्या गच्चीवर ऊन चांगलं येतं. या कागदाला वास येतो म्हणाली, तर त्यानं हुंगून पाहिलं आणि म्हणाला, मला तर काही येत नाही. कागद त्याला कबूल केलेला होता. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तो स्वतःच चिमटे काढू लागला. काम आहे या सबबीवर आयुष्यात एकाही लग्नाला न गेलेले बाबा दिवस मावळायच्या आत शेकडो घरांना आमंत्रण द्यायला निघून गेले.

ताईनं पाठीमागे धरून एक कागद वाचवला. बाकी उरले ते साच्यावरच फाटलेले तुकडे. ते त्यांनी घमेल्यात घालून शेडच्या मागं पेटवले. धाकटा फुंकर घालत होता, ताई उलथन्यानं खालवर करत होती. आपण बाबांना दुसऱ्यांदा अग्नी देतोय हे दोघांच्याही मनात आलं असावं. धूर डोळ्यांत गेला, त्यामुळे रडायचं राहिलेलंही त्यातच उरकलं.

राख झाली जेमतेम ओंजळभर. काळी आणि पापडीसारखी.

"बाबा एवढेसेच नव्हते," धाकटा म्हणाला.

"नव्हते."

दोघांनी एकदमच फळीकडे पाहिलं. लाकडाच्या राखेचा जुना डबा भरलेला होता. धाकट्यानं तो खाली घेतला आणि नव्या डब्यात मुठीनं राख भरू लागला. किती घालणार आहेस, असं ताईनं विचारलं.

"हाताला कळतं," धाकटा म्हणाला.

सकाळी आत्या आली. काठी टेकत, खांद्याला पिशवी, अंगानं भरपूर. गुडघा दुखतो म्हणून इतके दिवस यायला जमलं नाही, एवढंच बोलली. चहाही नको म्हणाली. ताईनं डबा पुढं केला. आत्यानं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता तर्जनी कुंडीतल्या पाण्यात बुडवली. मग चिमूटभर राख घेऊन ती बोटांत चोळली. लहानपणी याच शेडमध्ये ती प्रत्येक घाण्याआधी राख अशीच पारखायची. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती, आणि काल संध्याकाळी दोघांपैकी एकालाही आठवली नव्हती.

"बुळबुळीत लागतंय," आत्या म्हणाली. "साबणासारखं. ही लाकडाची आहे. माझा भाऊ जन्मात कुणाशी बुळबुळीत वागला नाही. कुठाय तो?"

धाकट्यानं सगळं सांगितलं. डबा, थाप, सोडा, पत्रिका, घमेलं. खडखडही सांगितली, ती सांगायची गरज नव्हती तरी. सांगता सांगताच तो मनातल्या मनात शेडला कुलूप लावून मोकळा झाला. त्याला दिसत होतं, कुंडी भंगारात जाईल, इथं कुणीतरी टायरचं दुकान काढील, आणि आपण त्याच दुकानात पाणी भरू.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कागद मागितला. ताईनं वाचवलेला कागद आणून दिला. आत्यानं तो उजेडात धरला, कडेनं अंगठा फिरवला, कानाजवळ नेऊन फडकवून पाहिला.

"इथं कोपऱ्यात पातळ आहे."

"साचा हलला, आत्या."

"त्याचाही तिथंच हलायचा." ती कागद खाली ठेवीना. "बोलत होता तोवर मी त्याला सांगून दमले. नुसत्या धाग्यानं पांढरा होत नाही, आत काहीतरी घालावं लागतं. ऐकलं नाही. म्हणायचा, मी आहे ना."

यावर कुणी काही बोलायच्या आत पत्रिकावाला आला. तो धावत आला होता. रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी त्यानं एक पत्रिका छापून पाहिली होती. शाई अशी बसली होती की बघत राहावं. ती पाहून नवऱ्या मुलाकडच्यांनीही याच कागदाचा हट्ट धरला होता, आणि त्यांचं गणगोत मोठं होतं. अजून एवढाच कागद हवा, लागेल तेवढा वेळ घ्या, पण हाच हवा.

"यात तुम्ही नेमकं घालता तरी काय?" त्यानं विचारलं.

ताई कुंडीत बघत राहिली. धाकटा चपलांकडे.

"घरचंच आहे," आत्या म्हणाली.

"मग आणखी निघेल ना?"

आत्यानं खाली स्वतःकडे एकदा पाहिलं. दुखरा गुडघा चोळला.

"निघेल. पण थोडं थांबावं लागेल. नक्की किती, ते मला डॉक्टरला विचारायला हवं."

पत्रिकावाल्याला यातलं काही कळलं नाही, पण होकार कळला. तो खुशीत गेला. आत्यानं कागदाची जपून गुंडाळी केली, पदराच्या दोऱ्यानं बांधली आणि पिशवीत उभी ठेवली, मान बाहेर राहील अशी. मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून शेडची किल्ली काढून डब्याच्या झाकणावर ठेवली आणि काठी टेकत निघाली. धाकट्यानं किल्ली उचलून मुठीत घेतली.

दारात ती थांबली.

"धाकट्या, माझ्या वेळेला सोडा आधी घाल," ती मागं न वळता म्हणाली. "आणि कोपरा पातळ सोडू नकोस. मी भरपूर आहे."