केफिरचा चार्ज

माणूस निवृत्त झाला तरी त्याच्यातला अधिकारी निवृत्त होत नाही. त्याच्या हाताखाली फक्त कोणी उरत नाही.

अन्नभेसळ खात्यातले निरीक्षकसाहेब याला अपवाद नव्हते. नोकरीत असताना दुधात पाणी किती, हे ते नुसतं पातेल्यात डोकावून सांगत. तिखटात विटेची भुकटी घालणारे दुकानदार त्यांना दुरून बघूनच शटर ओढून घेत. निवृत्त झाल्यावर मात्र साहेबांचं फार वाईट चाललं. उन्हं वर आली तरी अंथरुणात, दाढी वाढलेली, आणि जेवायला काय करू असं बाईसाहेबांनी विचारलं तर "कर काहीतरी." (ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या अन्नाची चौकशी केली त्याने स्वतःच्या अन्नाबद्दल असं बोलावं, हे लक्षण बरं नव्हे.)

अशा वेळी वॉटर केफिर नावाचं आंबवलेलं पेय आलं. दंतवैद्याकडे रांगेत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी साहेबांना खिशातून छोटी बाटली काढून दिली. आत पांढरट, पारदर्शक दाणे होते. ते म्हणाले, दाणे जिवंत आहेत बरं का, रोज लक्ष द्यावं लागतं. जिवंत आहेत, रोज लक्ष द्यावं लागतं आणि उलट उत्तर देत नाहीत. साहेबांना याहून जास्त काय हवं होतं?

वॉटर केफिर करणं तसं सोपं आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर विरघळवायची, दाणे सोडायचे, लिंबाची चकती आणि दोन बेदाणे टाकायचे, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून दोन दिवस ठेवायचं आणि गाळून प्यायचं. पाणी आंबटगोड आणि फसफसतं होतं, दाणे वाढतात. एवढंच असतं तर कोणीही केलं असतं. साहेबांनी त्याला शिस्त लावली. ओट्याचा खिडकीकडचा कोपरा राखीव झाला. धातूचा चमचा त्या दिशेला नेण्यास मनाई झाली. मिक्सर बाल्कनीत हलवला, कारण दाण्यांना विश्रांती हवी. बाईसाहेबांची सहायक या पदावर बिनपगारी नेमणूक झाली. त्यांच्याकडे पाणी उकळणं, गार करणं, साखर घालणं, गाळणं, बरणी विसळणं आणि फडकं धुणं एवढंच काम होतं. बाकीचं सगळं, म्हणजे बघणं, साहेबांकडे होतं.

काही म्हणा, साहेब सुधारले. पहाटे उठू लागले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बरणीसमोर उभे राहू लागले. दाणे असे काही फोफावले की इमारतीत वाटप करावं लागलं. वाटपानंतर साहेबांनी घरोघर जाऊन पाहणी केली. तीत शंभर टक्के लाभार्थींना बरं वाटत असल्याचं आढळलं (ज्यांना आधीपासून बरं होतं, त्यांना जास्त बरं). दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकांचं पोट आजवर कोणाचं ऐकत नसे, ते ऐकू लागलं. तळमजल्यावरच्या शिंप्याकडे तर एका बरणीच्या दोन झाल्या, आणि दुसरी त्याने मोठ्या अभिमानाने साडूकडे धाडली.

एवढ्यात लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात. पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. मला भीती वाटतेय, तुम्ही दोघं या, असं ती सरळच म्हणाली. बाईसाहेबांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. साहेबांपुढे मात्र प्रशासकीय अडचण होती: चार्ज कोणाकडे द्यायचा? शेजाऱ्यांकडे द्यावा तर त्यांच्याकडे त्यांचे दाणे. सोबत न्यावा तर बस हिंदकळते. बाईसाहेबांनी एकटीने जावं, तर पाणी कोण उकळणार? तिकिटं बदलली. पुन्हा बदलली. बाईसाहेब त्या बरणीकडे ज्या नजरेने बघू लागल्या त्या नजरेने साहेब एके काळी दूधवाल्यांकडे बघत.

शेवटी लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता कधीही होईल. साहेबांनी फोनवर त्यांना अतिशय नम्रपणे विचारलं, की बाळाच्या बाजूने थोडंफार पुढे-मागे करता येण्यासारखं आहे का.

बाईसाहेबांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर येऊन बसल्या.

"अहो, ते साबुदाणे आहेत."

साहेबांनी बरणी उजेडात धरली. साबुदाणेच होते. तिखटातली वीट हुंगून ओळखणारा माणूस रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर साबुदाण्याचं पाणी पीत होता आणि लोकांना पाजत होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. सवयच ती.

"तुम्ही वाटायला सुरुवात केलीत त्याच्या आधीपासून. गार पाण्याऐवजी उकळतं ओतलं गेलं. दाणे शिजले."

"आणि फसफस?"

"लिंबू आणि खायचा सोडा. जुने साबुदाणे विरायच्या आत रोज काढायचे, नवे घालायचे. वाढायला हवेत म्हणून मूठभर जास्त."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आपणहून उठून दाढी करायला लागला होतात," बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्याच्याने सांगवेना."

साहेबांना राग आला नाही. लाज वाटली. पण आतला अधिकारी अजून शाबूत होता, आणि त्याला एक हिशेब लागेना. साबुदाणा काही पिल्लं घालत नाही. मग शिंप्याकडे एकाच्या दोन बरण्या झाल्या कशा?

ते तसेच चपला घालून तळमजल्यावर गेले. दार शिंप्याच्या बायकोने उघडलं. आत मशीन थांबवून शिंपी कोणा गिऱ्हाइकाला सांगत होता, आमच्या हाताला गुण आहे, दाणे कसे दुप्पट होतात बघा. साहेबांनी तोंड उघडलं तसं तिने ओठांवर बोट ठेवलं. तिच्या दुसऱ्या हातात साबुदाण्याची पुडी होती.

वरच्या मजल्यांची तपासणी साहेबांनी केली नाही. चौकशी अर्धवट सोडण्याची त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ. संध्याकाळच्या बसने दोघं निघाले. बाईसाहेबांना बस सुटताच झोप लागली, इतक्या त्या दमल्या होत्या, आणि साहेब वाटभर त्यांचं डोकं खांद्यावर घेऊन हलले नाहीत. बाळ त्यांच्या देखत झालं.

तुम्हाला हे वाचून हसू आलं असेल. येऊ द्या. तुमचंही काहीतरी असेलच, एखादा काढा, व्यायाम, नाहीतर वेळच्या वेळी होणारं जेवण, जे केवळ तुमच्या शिस्तीमुळे इतकं सुरळीत चाललं आहे. आज घरी विचारून बघा, तुला कुठे जायचं राहिलंय का म्हणून. "छे, मला कुठे जायचंय," असं उत्तर येईल. त्यात भेसळ आहे.