थेंबांचा तक्ता

माझा मुलगा कुठलंही काम करत नाही, त्या कामाचा तक्ता करतो. गाद्यांना ऊन दाखवायचं असो की माळा आवरायचा असो, हा पट्टी घेऊन बसणार, रेघा मारणार, चौकटी पाडणार, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला की हात झटकून मोकळा. काम झालं की चौकटीत बरोबरची खूण करायची, असा नियम. नियमाला माझी ना नाही. पण रिकामी चौकट दिसली की त्याला चैन पडत नाही आणि राहिलेलं काम दिसलं तर मात्र काहीच होत नाही, हे मी त्याच्या शाळेपासून बघतेय. कचेरीत याच गुणावर त्याला साहेब केलंय म्हणे. केलं असेल. कचेरीला डोळे नसतात.

मला आहेत. दोन्हींत मोतीबिंदू झाला, त्यातला डावा जास्त. मी कुणाला बोलले नव्हते. एकदा दारात उभ्या असलेल्या व्याह्यांना मी गॅसवाला समजून "रिकामी टाकी मागच्या दाराला आहे, उचला" म्हणाले, तेव्हा घराला कळलं. व्याही अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. ते एक बरं झालं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, आणि आधी तीन दिवस त्या डोळ्यात थेंब घालायचे. घरी येऊन बूटही न काढता साहेबांनी पट्टी शोधली. या खेपेला तक्त्याच्या वर एक चेहराही काढला. गोल, बिनकानाचा, आणि एका डोळ्याकडे बाण. "म्हणजे कुणाची चूक व्हायला नको," म्हणाला.

पहिल्याच सकाळी थेंब पडला तो उजव्या डोळ्यात.

"अरे, हा नव्हे. तो."

"आई, बाण बघ ना. बाण डावीकडे आहे."

"कागदाच्या डावीकडे आहे. मी तुझ्याकडे तोंड करून बसलेय ना?"

"तू हलू नकोस. तक्ता विचार करून केलाय."

मी सुनेकडे पाहिलं. ती शाळेत शिकवते, डावं-उजवं तिला रोज लागत असणार. तिनं कागद पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "आई, यांनी तसंच काढलंय." मी दुसरीतनं शाळा सोडलेली. कागदापुढे माझा डोळा हरला.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं विचारलं, "आजी, थेंब कुठल्या डोळ्यात घातले?" मी उजवा दाखवला. "आणि ऑपरेशन कुठल्या?" मी डावा दाखवला. तिनं फाईल मिटली. पुन्हा तीन दिवस थेंब घाला आणि मग या. साहेबांची रजा फुकट गेली. गाडीत घर येईपर्यंत त्यानं एकच वाक्य तीनदा ऐकवलं, "तू तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतंस, आई."

शेवटी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि काय सांगू, जगावरचा मळकट पडदा कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं झालं. मुलाचे काळे केस मुळाशी पांढरे दिसले. सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. दोन्हींबद्दल मी चकार शब्द काढला नाही. नवा डोळा होता, त्याला लगेच कामाला कुठं लावायचं?

"आता सगळं थेंबांवर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसातून सहा वेळा. हयगय झाली तर सूज येईल, आणि आलेली नजर परत मंद होईल. आणि आजी, तुम्ही स्वतः घालायचे नाहीत. बाटलीचं टोक बुबुळाला लागेल."

फ्रिजवर दुसरा तक्ता लागला. सकाळचा आणि रात्रीचा थेंब सुनेचा, मधले चार मुलाचे. त्यासाठी त्यानं घरूनच काम मागून घेतलं होतं. शेजाऱ्यांना सांगूनही आला, "आईसाठी."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून त्याच्या खोलीचं दार लागलं आणि आतून कुणाला तरी रागावल्याचा आवाज येऊ लागला. वेळ झाली की मी खुर्चीत मान मागे टाकून बसायची. छताला तीन तडे गेलेत, हे मला त्या आठवड्यात कळलं. साहेब पाणी प्यायला बाहेर यायचे. फ्रिज उघडण्याआधी चौकटीत खूण करायचे, "आलोच हं, आई" म्हणायचे, आणि घोट पितापिता फोन वाजला की तसेच आत.

मी हाक मारली नाही. मी एकदा बसले की बसले. मला दिसत होतं, तर त्यालाही दिसायला हवं.

पाचव्या दिवशी सून शाळेतून आली. मी तशीच, मान मागे.

"काय झालं, आई?"

"थेंब."

ती बाटली घेऊन आली, वाटेत फ्रिजपाशी थांबली आणि बाटली परत जागेवर ठेवली. "अहो आई, झालेत की तुमचे. चारही."

"कुणी घातले?"

"खूण आहे."

"अगं, डोळा माझा आहे. कोरडा ठणठणीत आहे."

"पण खूण आहे ना, आई. जास्त पडले आणि काही झालं तर? विचारून येऊ का यांना?" तिनं दार ठोठावलं. आतून उत्तर आलं, "झालेत! तक्ता बघ ना!"

लहानपणी याचे डोळे आले होते तेव्हा पापण्या चिकटून बसायच्या. तासातासाला कोमट पाण्यात कापूस बुडवून मी त्या सोडवत होते. खुणा करायचं काही मला सुचलं नाही.

आठव्या दिवशी तपासणी. डोळा लाल, कडेनं सुजलेला, आणि समोरचं पुन्हा धुरकट होऊ लागलेलं. दवाखान्यात बाकावर बसल्याबसल्या मुलगा तक्ता मांडीवर घेऊन भराभरा पेन चालवत होता.

"काय लिहितोस रे?"

"काही नाही. जरा अपुरं दिसत होतं."

डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला, भुवया चढवल्या. मुलानं तक्ता पुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! इतकं नीट कुणी करत नाही हो. आजी, नशीबवान आहात. सगळे थेंब घातले ना?"

मी मुलाकडे पाहिलं. परक्या माणसांपुढे घराचं धुणं धुवायची मला सवय नाही. "घातले," म्हणाले.

"मग एवढं करूनही सूज म्हणजे औषध लागू पडत नाहीये. डोळ्याच्या शेजारी इंजेक्शन द्यावं लागेल." नर्स सुई आणायला वळली.

तेव्हा मी टेबलावरच्या त्या कागदावर वाकले. अक्षरं मला लागत नाहीत, पण आकडे लागतात. धुरकट का असेना, नव्या डोळ्याला दिसत होतं. मी शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं.

"बाई, ही तारीख कुठली?"

"एकवीस."

"आणि आज?"

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "चौदा," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून मुलाकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्याचे थेंबही घालून झाले तुमचे?"

मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, माझ्या डोळ्यापेक्षा लाल. "नाही मॅडम, ते... एकदा लिहायला बसलं की ओळ पूर्ण होते."

त्यांनी सुई परत पाठवली. स्वतः उठल्या, माझी मान मागे घेतली आणि थेंब घातला. गार, नेमका, डाव्या डोळ्यात. सुनेचे सकाळ-रात्रीचे सोडले तर पाच दिवसांत पडलेला पहिला. "नीट घातले तर उतरेल सूज," त्या म्हणाल्या. "उद्यापासून नर्स घरी येईल."

बाहेर आल्यावर मुलानं गाडीचं दार उघडून धरलं. तोंड पडलेलं.

"आई, हे घरी सांगायचं होतंस. चारचौघांत माझी शोभा केलीस."

मी आत बसले, पदर सावरला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. केसांची पांढरी मुळं सगळी दिसत होती.

"घरी सांगायला तक्त्यात माझी चौकट नव्हती रे. आता एक कर. मी गेल्यावर रडायचं, त्याचाही तक्ता करून ठेव, आणि खुणाही आत्ताच करून टाक. त्या दिवशी तुझी मीटिंग असेल."