शाडूचा गॅलिलिओ

गडब गावच्या एका खोलीच्या वाचनालयाला वरून पत्र आलं : जगाला विचार देणाऱ्या एका थोर व्यक्तीचा पर्यावरणपूरक अर्धपुतळा तीस दिवसांत बसवावा, अन्यथा मान्यता काढण्यात येईल. पुस्तकांबद्दल पत्रात काही नव्हतं. ग्रंथपाल पद्मजाबाईंनी गॅलिलिओ निवडला. त्याचं चित्र भिंतीवर होतंच, शिवाय दाढी असली की माणूस थोर आहे हे गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

काम दिलं शेजारच्या जोहे गावच्या हौसाला. हौसा तीस वर्षं गणपती घडवते आणि त्यांचे डोळे आखते.

"नाक केवढं ठेवू, बाय? मला सोंडेची सवय हाय."

"चित्रात आहे तेवढंच ठेव."

"आनि बुडवायचा कितव्या दिवशी?"

"ह्याला बुडवायचा नाही, हौसाताई. हा कायमचा."

हौसानं हातातला मातीचा गोळा खाली ठेवला. "माज्या हातचं कायच राह्यलं नाय गो. दर वर्साला समदे पान्यात. ह्यो खरंच राहील?"

"खरंच."

हौसानं तीन आठवडे दुसऱ्या कामाला हात लावला नाही. गॅलिलिओ आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत एवढी माया होती की बायकांनी दाराबाहेर चपला काढल्या. एकीनं दूर्वा आणल्या.

मग तपासणीला विस्तार अधिकारी त्र्यंबकराव आले. मोबाइलवर माहिती भरू लागले.

"माती?"

"शाडू."

"उत्तम. विसर्जनाचा दिवस?"

"अहो, हा शास्त्रज्ञ आहे!"

"असेल, मॅडम. पण शाडू लिहिलं की विसर्जनाचा दिवस लिहावाच लागतो, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दीड, पाच, सात की अकरा?"

"'कधीच नाही' असं नाही का?"

"ते पीओपीला येतं. आणि पीओपी पर्यावरणपूरक नाही."

पद्मजाबाईंनी अकरा दिवस घेतले आणि त्याच दुपारी विसर्जनातून सूट मागणारा अर्ज लिहिला. नवव्या दिवशी उत्तर आलं : 'थोर व्यक्तीचा अवमान होऊ नये यास्तव विसर्जन वाजतगाजत करावे. विसर्जनाचे प्रमाणपत्र न आल्यास मूर्तिकाराची नोंदणी रद्द समजावी.' गावानं लगोलग बँजो ठरवला. मिरवणुकीत कोणी कोणाभोवती फिरायचं यावर बैठक झाली, आणि गॅलिलिओनं गावाभोवती फिरावं असं बहुमतानं ठरलं.

दहाव्या दिवशी हौसा आली. पुतळ्याच्या कानामागे एक बारीक चीर होती, ती ओल्या बोटानं बुजवत राहिली. उद्या पाण्यात जाणाऱ्या मूर्तीची चीर कोणी बुजवत नाही. विसर्जनाची तयारी बघायला आलेल्या त्र्यंबकरावांना ते बघवेना.

"एक वाट आहे," ते हळूच म्हणाले. "मूर्तिकारच नसला, तर मूर्ती बेवारस ठरते. बेवारस वस्तूला कुठलंच खातं हात लावत नाही. ती जिथे आहे तिथेच राहते. फक्त हौसाबाईंनी लिहून द्यायचं, की ही मूर्ती मी केलेली नाही."

"हे काय बोलणं झालं!" पद्मजाबाई उसळल्या.

हौसा पुतळ्याकडे बघत होती. "बाय, ह्या दाढीवाल्यानं काय केलवतं गो?"

"पृथ्वी फिरते म्हणाला. मोठ्या लोकांनी धमकावलं. मग त्यानं लिहून दिलं, की फिरत नाही."

"मंग? थांबली?"

"नाही."

"तर मंग आना तो कागद."

गॅलिलिओ आजही तिथेच आहे. खाली पाटी आहे : 'मूर्तिकार अज्ञात'. पेणहून रोह्याला जाताना तुम्हीही तिथे थांबाल. पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून फोटो काढाल. समोरच्या बाकावर एक बाई बसलेली असेल, ती फोटोत येते म्हणून तिला जरा सरकायला सांगाल. ती सरकेल. आणि घरी जाऊन तुम्ही सगळ्यांना तो फोटो दाखवाल : डोळे बघा काय आहेत! आपल्याकडच्या माणसाचं काम नव्हे हे, बाहेरूनच मागवलेला असणार.